महिन्याचं टेबल: गावाकडच्या वाचनालयात नव्यानं रुजू होणाऱ्यांसाठी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आमचं ‘ड’ वर्गाचं, म्हणजे सगळ्यात लहान दर्जाचं, सार्वजनिक वाचनालय आहे. एक खोली, चार लोखंडी कपाटं, पेपर वाचायचं एक लांब टेबल, दाराआड माठ. मी ग्रंथालय व्यवस्थापनाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग करून इथं लागले, तेव्हा दाखल नोंदवही (आलेल्या पुस्तकांची यादी), देवघेव आणि ड्युईचे आकडे (पुस्तकांना विषयवार द्यायचे वर्गीकरणाचे नंबर) एवढंच काम असेल अशी समजूत होती. पगाराबद्दल बोलत नाही. अनुदानाचे हप्ते कसे येतात ते रुजू झालात की कळेलच. ‘महिन्याचं टेबल’ मात्र कोणी शिकवत नाही, म्हणून त्याबद्दल लिहिते.

कल्पना साधी आहे. दर महिन्याला एक विषय धरायचा, त्यावरची कपाटातली पुस्तकं, मासिकं आणि आरोग्य केंद्राची माहितीपत्रकं एका टेबलावर मांडायची. पहिल्या वर्षी मी जागतिक दिनांची यादी समोर ठेवून बारा महिने आखून टाकले. 14 नोव्हेंबर मधुमेह दिन, म्हणून नोव्हेंबरात मधुमेह. टेबल सजवलं, ज्वारी-बाजरीच्या पाककृती काढल्या, आणि महिनाभर त्यावर धूळ पुसत बसले. शेवटी पेपर वाचायला येणाऱ्या एका आबाजींनीच सांगितलं, “कापूस वेचणीच्या दिवसात कोण येते व बाई? सकाळी वावरात गेलेला माणूस संध्याकाळी पाठ टेकते, का तुह्यं पुस्तक वाचते?”

तेव्हापासून आमचं वेळापत्रक वावर बघून ठरतं. जूनमध्ये पेरणी, म्हणून साप: नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार विषारी सापांची मोठी चित्रं आणि खाली 108 हा नंबर. बास. एप्रिल-मे उन्हाचा, तेव्हा पोरांना सुट्ट्या, वाचनालयात पंखा, गर्दी आपोआप होते, तुम्हाला काही करावं लागत नाही. डिसेंबरात गाडगेबाबांची चरित्रं, कारण 20 डिसेंबरला त्यांची पुण्यतिथी आणि गावात तेव्हा स्वच्छतेवर बोललेलं लोक ऐकून घेतात. मधुमेह आता फेब्रुवारीत गेला आहे. त्याला तिथं कोणी विचारलं नाही की तू इथं कसा.

फवारणीच्या टेबलावर मात्र सगळ्यात जास्त वेळ घालवा. 2017 च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात पऱ्हाटीवर (कापसावर) फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. तरी वाचनालयात या विषयावर एकत्र असं काही नव्हतं, आणि त्यात वर्गीकरणाचाही हात होता. पिकावरची कीड 632 मध्ये, म्हणजे शेतीच्या कपाटात. विष आणि औषधं 615 मध्ये, म्हणजे पार पलीकडच्या भिंतीला. ज्याच्या अंगावर पंपाची नळी गळते, त्याच्यासाठी ही दोन्ही एकच गोष्ट. टेबलाचा खरा उपयोग हाच, की ड्युईनं लांब ठेवलेली पुस्तकं महिनाभर शेजारी बसतात.

पण पुस्तकांपेक्षा चालली ती एक रिकामी बाटली. एका शेतकरी भाऊंकडून मागून आणली, साबणानं तीनदा धुतली, भोकं पाडली म्हणजे कोणी घरी वापरणार नाही, आणि शेजारी भिंग ठेवलं. लेबलावर एक तिरपा चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग बघायचा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, “हिरवा हाय म्हणजे काही होत नाई ना?” होतं. हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी, निर्धोक नव्हे. ते मी पुठ्ठ्यावर बोटभर अक्षरात लिहून टाकलं. डब्यासोबत एक घडीचं पत्रक येतं, मुंगीएवढ्या अक्षरातलं, आणि बहुतेक जण ते धुऱ्यावरच फेकतात. त्यात विषावर उतारा कोणता, हे डॉक्टरसाठी लिहिलेलं असतं. मी लोकांना ती पत्रकं आणून द्यायला सांगितली. आता आमच्याकडे त्यांची एक जाड फाईल आहे, औषधाच्या नावानं लावलेली, आणि पहिल्या पानावर लिहिलंय: कपडे काढा, अंग साबण-पाण्यानं धुवा, बाटली किंवा पत्रक दवाखान्यात सोबत न्या. कार्यकारी मंडळातल्या एका सदस्यांनी विचारलं होतं, हा कचरा दाखल नोंदवहीत कसा घेणार? घेतला नाही. फाईल टेबलावरच असते.

आता माझ्या दोन चुका, म्हणजे तुमच्या हातून त्या व्हायच्या नाहीत.

मार्चमध्ये क्षयरोगाचं टेबल असतं, 24 मार्चचा दिवस धरून. गेल्या खेपेला मी जुनंच पत्रक लावलं. त्यात क्षयरुग्णाला मिळणारे निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 500 रुपये लिहिलेले, आणि नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झालेत. एका रुग्णाच्या बायकोनं ते वाचून घरी सांगितलं की हजार नाही, पाचशेच आहेत, आणि चौकशीलाच गेली नाही. आशाताईंनी दोन महिन्यांनी मला चांगलंच ऐकवलं. कादंबरी जुनी झाली तर ती वाचता येते. आरोग्याचा कागद जुना झाला की तो खोटं बोलायला लागतो. तेव्हापासून प्रत्येक पत्रकाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीनं तारीख टाकते आणि सहा महिन्यांनी आरोग्य केंद्रात जाऊन नवं आहे का विचारते. देणगीत येणारी ‘मधुमेह मुळापासून घालवा’ छापाची पुस्तकं तर टेबलावर येऊच द्यायची नाहीत. ती निर्लेखनात काढायला (यादीतून रद्द करायला) मंडळाची मंजुरी लागते आणि मंडळाला पुस्तक कमी करणं म्हणजे पाप वाटतं, पण कपाटाच्या वरच्या खणात ठेवायला कोणाची मंजुरी लागत नाही.

दुसरी चूक जास्त लागली. 19 जूनला सिकलसेल दिन असतो. विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांतून आहे, आणि गावात त्याबद्दल अर्धवट माहिती फार. आई-बाप दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. नुसता वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. हे समजावणारी एक छान पुस्तिका मिळाली होती. मी ती दर्शनी ठेवली आणि न्यायची तर नोंद करून न्या म्हटलं, नियमाप्रमाणे. बारावीतल्या एका मुलीनं नेली. देवघेवीचं रजिस्टर उघडंच असतं, पुढचा माणूस सही करताना वरची ओळ वाचतोच. दुसऱ्या दिवशी ती दारातूनच आली, पुस्तिका जशीच्या तशी होती.

“ताई, माह्यं नाव खोडून टाका.”

तिला आजार आहे की नाही, मला आजही माहीत नाही. तिला शाळेचा प्रकल्पही असेल. पण पारावर चर्चा होऊन गेली होती, आणि घरात तिच्या लग्नाचं बघत होते. प्रमाणपत्राच्या वर्गात ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा नियम शिकवला होता: प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. बाकीच्या गावाला त्याच्या ग्रंथाचं नाव कळू नये, हे आपलं आपल्याला शिकावं लागतं. आता आरोग्याच्या पत्रकांना नोंद नाही, परत करायचीही नाहीत. पुस्तक असेल तर रजिस्टरात फक्त दाखल अंक (पुस्तकाचा नोंदवहीतला नंबर) जातो, आणि सही करताना वरच्या ओळींवर मी पुठ्ठा धरते. तपासणीत विचारलं तर सांगू.

आणि एक. लोक तुम्हाला डॉक्टर समजायला लागतील. रिपोर्ट घेऊन येतील. “ताई, तुमी एवढं वाचता, सांगा ना.” वाचून दाखवा, कोणाकडे जायचं ते सांगा, गोळीबद्दल एक शब्द बोलू नका. मी एकदा फक्त ‘लोह कमी दिसतंय’ म्हटलं होतं, तर त्या काकूंनी दुकानातून टॉनिकच्या तीन बाटल्या आणल्या.

गेल्या ऑक्टोबरात मन-आरोग्याचं टेबल मांडलं. कोणी जवळ फिरकलं नाही, येता-जाता बघायचे आणि पेपर उचलायचे. सूचनापेटीत मात्र वहीच्या पानाचा तुकडा निघाला, नाव नव्हतं: “रातभर झोप लागत नाई, याच्यावर काही हाय का.” मी एका कागदावर टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या तक्रारींसाठीच्या सरकारी फोनसेवेचा, 14416 हा नंबर लिहिला, फुकट आहे, कधीही लावा, मराठीत बोलतात. खाली तोच नंबर दहा पट्ट्यांवर लिहून कात्रीनं पट्ट्या सुट्या केल्या आणि कागद दाराआड माठाच्या वर चिकटवला, जिथं पाणी प्यायला गेलेला माणूस कोणाला दिसत नाही. शनिवारी लावला. सोमवारी कुलूप उघडलं, संध्याकाळपर्यंत चार पट्ट्या उरल्या होत्या.