वाईड टीव्हीवर नवरी सुजलेली दिसू नये म्हणून: फोटो स्लाईडशोची डीव्हीडी कशी करायची

डीव्हीडी आता कोण बघतंय असं पुण्यात नोकरीला गेलेली पोरं विचारतात. आमच्या खानापूर, बेळगाव, निपाणी पट्ट्यात अजून बघतात. लग्न झालं की अल्बम येतो तो येतो, पण चिक्कोडीची आत्या आणि हुक्केरीचे मामा यांना डिस्क पाहिजे, कारण घरात प्लेअर आहे, प्लेअरला नवा 32 किंवा 43 इंची टीव्ही जोडलाय आणि पेन ड्राईव्ह कुठं खुपसायचा हे त्यांना दर वेळी फोनवर सांगत बसायला कुणाला वेळ नाही. मी अशा डिस्क बरीच वर्षं करतोय, धंदा म्हणून नाही, घरातला कॉम्प्युटरवाला म्हणून. त्यामुळं खाली सोप्या गोष्टी झटक्यात सांगणार आणि जिथं मी स्वतः तोंडघशी पडलो तिथं थांबणार.

फोटो निवडा. 150 पुरेत. एका फोटोला 6 सेकंद धरले तर 15 मिनिटं होतात, त्याच्यापुढं नवऱ्याची आईसुद्धा बघत नाही. सारखे सारखे फोटो काढून टाका, आडवे पडलेले सरळ करा. झालं.

फोटोंचा आकार. इथं पहिला चुकीचा सल्ला मिळतो. कुणीतरी सांगतं की डीव्हीडीचा साईज 720 बाय 576 असतो, मग सगळे फोटो आधीच तेवढे करून घे. अजिबात करू नका! मी केलेत, सव्वाशे फोटो, रात्रभर बसून, आणि सगळे वाया. 720 ला 576 ने भागून बघा, 1.25 येतं. जुना टीव्ही 4:3 म्हणजे 1.33, नवा टीव्ही 16:9 म्हणजे 1.78. म्हणजे 1.25 हा आकार कुठल्याच टीव्हीचा नाही. मग डीव्हीडीवर तो कसा काय चालतो? तर डीव्हीडीवरचं टिंब, म्हणजे पिक्सेल, समान बाजूंचं चौकोनी नसतं. तेच 720 बाय 576 टिंबांचं चित्र जुन्या टीव्हीसाठी थोडं आणि नव्या टीव्हीसाठी बरंच आडवं ताणून दाखवायचं असतं, आणि किती ताणायचं याची फक्त एक खूण डिस्कवर लिहिलेली असते, 4:3 की 16:9. सगळा खेळ त्या एका खुणेचा आहे.

म्हणून माझा नियम: शेवटची पायरी येईपर्यंत सगळं साध्या चौकोनी टिंबात ठेवायचं. कुठल्याही एडिटरमध्ये 1920 बाय 1080, सेकंदाला 25 फ्रेमचा व्हिडिओ तयार करा, दाबायचं-ताणायचं काम डीव्हीडी करणाऱ्या सॉफ्टवेअरला करू दे. कुणाला छोटाच साईज पाहिजे असेल तर 1024 बाय 576 करा, 16:9 ला चौकोनी टिंबात तेवढं बसतं.

फोटो मुळात 16:9 नसतात हे पण लक्षात घ्या. कॅमेऱ्याचा फोटो बहुधा 3:2 असतो, तो पूर्ण पडदा भरेल असा कापला तर उंचीतला साधारण 16 टक्के भाग जातो. मोबाईलचा 4:3 फोटो कापला तर पाव भाग जातो. एकट्या नवरा-नवरीचा फोटो कापला तर चालतं, पण मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांवरचा चाळीस माणसांचा ग्रुप फोटो कापलात तर मागच्या रांगेतले सगळे काका बिनडोक्याचे होतात आणि नेमके तेच काका वर्षभर बोलून दाखवतात. ग्रुप फोटो अख्खा ठेवा, बाजूच्या रिकाम्या जागेत त्याच फोटोची मोठी अंधुक केलेली कॉपी टाका. मोबाईलवर उभे धरून काढलेले फोटो एकेकटे टाकू नका, पडद्याच्या निम्म्याहून कमी भागात दिसतात, त्यापेक्षा तीन उभे फोटो शेजारी शेजारी लावले की पडदा भरतो.

नावाच्या पाट्या. आमच्याकडं निम्म्या लग्नात एक बाजू मराठी आणि एक कन्नड, गोकाक नाहीतर बैलहोंगलकडची. दोन्ही लिपीत नावं टाकायला लागतात, नाहीतर रुसवे. जुन्या स्लाईडशो सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड नीट चालत नाही, ‘चि.’ टाईप केलं की वेलांटी पलीकडं जाऊन पडते, ‘अक्षता’तला क्ष सुटतो आणि कन्नडमधली ओत्तक्षरं (अक्षराखाली लिहायची जोडाक्षरं) तर विचारूच नका. भांडत बसू नका. पॉवरपॉईंट किंवा लिब्रेऑफिसच्या इम्प्रेसमध्ये 16:9 ची स्लाईड करा, तिथं लिहा, जेपीजी म्हणून सेव्ह करा आणि फोटोसारखीच लावा. अक्षरं कडेपासून चारी बाजूंनी दहा टक्के आत ठेवा, बरेच टीव्ही कडेचं थोडं चित्र कापूनच दाखवतात.

आता मुख्य भानगड.

2011 च्या मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न झालं. मी हौसेनं डिस्क केली, कॉम्प्युटरवर बघितली, एकदम झकास. बेळगावच्या खडेबाजारातून कोऱ्या डिस्क आणल्या, 30 कॉप्या काढल्या आणि कुंद्याच्या (आमच्याकडची मिठाई) डब्याबरोबर वाटून टाकल्या. चौथ्या दिवशी निपाणीहून आजीचा फोन. "काय रे, पोरगी एवढी कशी सुजलीय? लग्नात तर काडीसारखी होती की!" मला वाटलं आजीचा टीव्ही बिघडला. मग हुक्केरीचा फोन आला, तिथं नवरी बरोबर दिसत होती पण डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या. मग वहिनीचा, "मी तुला खरं सांगतो, ह्यात मी अशी दिसतो तर ही डिस्क कुणाला दाखवू नको" (आमच्याकडं बायकापण ‘सांगतो-दिसतो’च म्हणतात). एकच डिस्क, तीन घरं, तीन प्रकार.

दुकानात विचारलं तर एकजण म्हणाला डिस्क हलक्या कंपनीची आहे, महागातली घे. डिस्कच्या कंपनीचा आणि चित्राच्या आकाराचा काडीचा संबंध नाही! दुसरा म्हणाला टीव्हीच्या रिमोटवर झूम दाब. म्हणजे 30 घरी जाऊन मी रिमोट दाबायचा?

खरी गोष्ट अशी की चित्राचा आकार चार ठिकाणी ठरतो: तुमचा प्रोजेक्ट, डिस्कवरची खूण, प्लेअरची सेटिंग आणि टीव्हीची सेटिंग. यातलं एक जरी वेगळं बोललं तर माणसं फुगतात नाहीतर वाळतात. आणि कॉम्प्युटरवर बघून सगळं कळत नाही, कारण तिथं प्लेअर आणि टीव्ही हे दोन गडी मध्ये येतच नाहीत.

हे शोधायला मी जी युक्ती काढली ती आजपण वापरतो. घरातलं जेवणाचं गोल ताट घ्या, स्टीलचं, फरशीवर ठेवा, स्टुलावर चढून बरोबर वरून फोटो काढा. तिरका काढू नका. कॉम्प्युटरवर उघडून ताट गोलच आहे ना ते एकदा बघा आणि मग स्लाईडशोत पहिला फोटो म्हणून लावा. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर बर्न करा (काही स्वस्त प्लेअर आरडब्ल्यू वाचत नाहीत, मग एक साधी डिस्क बळी द्या), टीव्हीवर लावा, पॉज करा आणि शिंप्याची टेप घेऊन पडद्यावरच्या ताटाची रुंदी आणि उंची मोजा. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, टेपच लावा. बायको म्हणेल डोकं फिरलं, म्हणू दे.

दोन्ही मापं सारखी आली तर विषय संपला. रुंदी उंचीच्या सव्वापट-दीडपटीच्या मध्ये, नेमकं सांगायचं तर 1.33 पट आली, म्हणजे उंची 30 सेंटीमीटर आणि रुंदी 40, तर ताट ताणलं गेलंय. मग वर-खाली बघा. काळ्या पट्ट्या नसतील आणि कडेचं काही कापलं गेलं नसेल तर तुमचा प्रोजेक्टच 4:3 चा झालाय आणि टीव्ही तो ओढून पडदा भरतोय, डिस्क नव्यानं करा. ताट ताणलंय आणि शिवाय वर-खाली काळ्या पट्ट्या पण आहेत, तर डिस्क बरोबर आहे, प्लेअर चुकतोय. त्याला वाटतंय अजून जुना डब्बा टीव्हीच जोडलाय. प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्ही टाईप नावाची जागा असते, तिथं 4:3 एलबी किंवा 4:3 पीएस असेल ते 16:9 करा. पीएस असेल तर पट्ट्या न येता कडेची माणसंच कापली जाऊ शकतात, ते वेगळंच दुखणं.

आणि ताट उभट आलं, रुंदी उंचीच्या पाऊणपट, दोन्ही बाजूला काळं, तर प्रोजेक्ट 16:9 चा आहे पण डिस्कवर खूण 4:3 ची पडलीय. ही सगळ्यात फसवी चूक. कारण ज्या घरात टीव्ही सगळंच ताणून दाखवतो तिथं ती डिस्क चुकून बरोबर दिसते, तुम्ही खूश होऊन कॉप्या काढता, आणि दुसऱ्याच्या घरी नवरदेव उदबत्तीसारखा.

माझ्या 30 डिस्क मुळात 4:3 च्या होत्या. सॉफ्टवेअरनं नवीन प्रोजेक्ट उघडताना विचारलं होतं आणि मी न वाचता ओके दाबलं होतं, एवढंच. सगळ्या नव्यानं केल्या. कुंदा मात्र परत द्यावा लागला नाही.

म्हणून सेटिंग अशी. मी डीव्हीडीस्टाईलर वापरतो, फुकट आहे. विंडोज सेव्हनमध्ये डीव्हीडी मेकर आयताच मिळायचा, विंडोज एटपासून तो काढून टाकला, त्यामुळं त्याची वाट बघू नका. नवीन प्रोजेक्ट करताना व्हिडिओ फॉरमॅट पाल (PAL, आपल्याकडची टीव्ही पद्धत) घ्या. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एनटीएससी आधीच निवडलेलं असतं, ते अमेरिकेचं, आपलं नाही. आस्पेक्ट रेशो 16:9. मग व्हिडिओ आत घेतल्यावर त्या टायटलच्या प्रॉपर्टीमध्ये जाऊन पुन्हा एकदा 16:9 आहे का बघा, मेनूचं पण बघा. दोन ठिकाणी दोन वेगळे आकार ठेवले की मेनू बरोबर आणि फोटो फुगलेले अशी गंमत होते.

बिटरेटमध्ये (सेकंदाला किती डेटा) कंजूषपणा नको. 4.7 जीबीच्या डिस्कवर 8 एमबीपीएसनं सव्वा तासाचा व्हिडिओ बसतो, आपला आहे पंधरा मिनिटांचा, मग जागा काय चाटायची आहे?

एक सांगायचं राहिलं. इरकल साडीचा बारीक काठ, जरी, कार्यालयाच्या खिडकीची जाळी, अशा फोटोंना सावकाश झूम लावू नका. डीव्हीडीत वरपासून खालपर्यंत फक्त 576 आडव्या ओळी असतात, काठाची रेघ एका ओळीपेक्षा बारीक झाली की झूम चालू असताना ती लुकलुकते, बघणाऱ्याचे डोळे दुखतात. तसे फोटो स्थिर ठेवा, फारच लुकलुकलं तर किंचित अंधुक करा.

बर्न करणं. इमेजबर्न सॉफ्टवेअर, स्पीड 4 किंवा 8, डिस्क फायनलाईज (म्हणजे लिहून बंद) करा. नाव मार्करनं लिहा, कागदाचं लेबल चिकटवू नका, डिस्क फिरताना डगमगते. लाईट जाण्याचा भरवसा नसेल तर लॅपटॉपवर करा. आणि नुसते जेपीजी डिस्कवर कॉपी करून ‘स्लाईडशो केला’ म्हणू नका, ती डेटा डिस्क झाली, त्यात प्रत्येक प्लेअर आपल्या मनाला येईल तसं दाखवतो.

ज्यांच्याकडं पेन ड्राईव्ह चालतो त्यांना तोच 1920 बाय 1080 चा व्हिडिओ एमपीफोर करून द्या, तिथं टिंब चौकोनीच असतं, ही कटकटच नाही.

कॉप्या काढायच्या आधी ताटाचा फोटो काढून टाका. मी एकदा विसरलो. पडद्यावर आधी पाच सेकंद रिकामं ताट, मग गणपती, मग अक्षता, आणि निपाणीच्या आजीनं फोन करून विचारलं, "जेवणावळ आधीच दाखवलीस होय रे, आणि ताटात काय वाढलंच नाही की!"