सिझेरियनच्या वणावर मायक्रोकरंट: न जाणवणारा करंट नीट पोचवायचा कसा

सिझेरियनला वर्ष उलटलं तरी टाक्यांच्या जागी खेच बसते, मूल कडेवर घेतलं की ओटीपोटात चमक येते, परकराची नाडी वणावर टेकलेली सहन होत नाही. अशा दुखण्याला काही फिजिओथेरपिस्ट मायक्रोकरंट, म्हणजे कातडीवर पॅड लावून सोडलेला विजेचा अगदी बारीक करंट, सुचवतात. हा करंट १००० मायक्रोॲम्पियरच्या, म्हणजे १ मिलीॲम्पियरच्या आत असतो आणि बहुधा जाणवतच नाही. घोटाळा नेमका तिथेच होतो. टेन्सच्या मशीनवर (दुखणं कमी करायला जाणवेल इतका करंट देणारं नेहमीचं मशीन) मुंग्या आल्या की करंट पोचतोय हे कळतं. इथे वायर आतून तुटलेली असली तरी माणूस अर्धा तास निवांत पडून राहतो आणि शेवटी म्हणतो, काही उपयोग नाही.

अपेक्षा आधीच बेताची ठेवा. १९८२ साली बेल्जियममध्ये उंदरांच्या कातडीवर केलेल्या प्रयोगात ५०० मायक्रोॲम्पियरला पेशींमधलं एटीपी (पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू) तिप्पट ते पाचपट झालं आणि ५००० ला उलट घटलं. 'जास्त करंट म्हणजे जास्त गुण' हे इथे लागू नाही, एवढं त्यातून घ्यावं. माणसाच्या जुन्या वणाबद्दलचा पुरावा अजून तोकडा आहे. म्हणून हा उपचार वणाच्या मसाजच्या जोडीला करायचा, मसाजऐवजी नाही.

काही तक्रारी मशीनच्या नसतात, डॉक्टरांच्या असतात. वणाजवळ गाठ आहे आणि ती पाळीच्या दिवसांत जास्त दुखते, तर आधी सोनोग्राफी. वणात एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशींची वाढ गर्भाशयाबाहेर होणं) असू शकतो. खोकल्यावर फुगवटा येत असेल तर हर्निया बघून घ्या. पू, ताप किंवा उघडी जखम असताना पॅड लावायचे नाहीत. पेसमेकर, गरोदरपण (शंका असली तरी आधी टेस्ट), फिट्सचा आजार, पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी, चालू कॅन्सर, यांत मायक्रोकरंट टाळायचा. शस्त्रक्रियेला किमान ६ ते ८ आठवडे होऊन, खपल्या गळून, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सुरुवात.

आता मशीन. स्क्रीनवर किंवा माहितीपत्रकात आकडा मायक्रोॲम्पियरमध्ये आहे ना, ते बघा. टेन्सचं बटण अगदी खाली ठेवलं की मायक्रोकरंट होतो, असं दुकानदार सांगतो. तसं होत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १ किलोओहमचा रेझिस्टर (तपकिरी, काळा, लाल पट्टे) आणि साधा डिजिटल मल्टिमीटर आणा. दोन्ही वायरींच्या टोकांमध्ये रेझिस्टर जोडा, मशीन १०० मायक्रोॲम्पियर आणि ०.५ हर्ट्झवर ठेवा, मीटर डीसी मिलिव्होल्टवर. दोन्ही दिशांनी वाहणारी चौकोनी लहर असेल तर आकडा साधारण १०० वर येतो आणि दर सेकंदाला अधिक-उणे असा पलटतो. मग १० किलोओहमचा रेझिस्टर (तपकिरी, काळा, नारिंगी) लावून बघा, मीटर व्होल्टवर घेऊन. चांगल्या मशीनमध्ये आता १ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. त्याहून बरंच कमी दिसलं, तर कोरड्या कातडीतून हे मशीन ठरलेला करंट ढकलू शकणार नाही. आधी सेल बदला. चाचणी चालू असताना पिनेजवळ वायर हलकेच वाकवा. आकडा मधेच शून्यावर गेला तर वायर तिथेच गेली आहे. वायरी बहुतेक तिथेच तुटतात.

लावण्याआधी पोट साबणाने धुऊन पुसा. सकाळी खोबरेल चोळलं असेल तर नुसत्या पाण्याने भागणार नाही, तेलाचा थर करंट अडवतो. ५ बाय ५ सेंटिमीटरचे चार पॅड असतील तर एका चॅनलचे (मशीनमधून निघणाऱ्या दोन वायरींच्या एका जोडीचे) दोन वणाच्या वर आणि दुसऱ्याचे दोन खाली लावण्यापेक्षा प्रत्येक चॅनलचा एक पॅड वर, एक खाली लावा, म्हणजे करंट वण ओलांडून जातो. पॅड वणापासून २ ते ३ सेंटिमीटर दूर हवेत. त्यांच्या कडा एकमेकींना लागल्या किंवा मधली जागा घामाने ओली झाली, तर करंट वरच्यावर निघून जातो आणि आत काहीच पोचत नाही. पॅडचा चिकटपणा गेला असेल तर ओल्या सुती पट्ट्या वापरता येतात, पण आरओचं पाणी नको. त्यात क्षार कमी असल्याने ते करंट नीट वाहू देत नाही. नळाचं कोमट पाणी घ्या.

पहिल्या दोन बैठका ४० मायक्रोॲम्पियर, २० मिनिटं. त्रास नसेल तर १०० मायक्रोॲम्पियर, ३० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. लहर दोन्ही दिशांची असावी. एकाच दिशेने सतत सोडलेला करंट पॅडखाली आम्ल आणि अल्कली साठवतो आणि कातडी चुणचुणते. चुणचुण झालीच तर बंद करा, पॅड पूर्ण टेकला होता का ते बघा. एखादा कोपरा सुटला की उरलेल्या जागेवर करंट दाटतो.

पॅड काढल्यावर लगेच मसाज, आणि तेल आता. दोन बोटं वणावर ठेवून कातडी वर, खाली, डावी-उजवीकडे सरकवा. बोटं घसरली तर तेल जास्त झालंय. कातडी बोटांबरोबर यायला हवी. जिथे ती अडते तिथे सौम्य दाब देऊन ३० सेकंद थांबा. नखं पांढरी पडतील इतपत दाब पुरे. शेवटी वणालगतची कातडी चिमटीत उचलून पापड लाटल्यासारखी पुढे नेत जा. रोज ५ ते १० मिनिटं, मशीन नसलेल्या दिवशीही. आजूबाजूला बधिरपणा असेल तर घाबरू नका, शस्त्रक्रियेत बारीक नसा कापल्या गेलेल्या असतात. मात्र बधिर भागावर पॅड लावल्यावर कातडी लाल झाली का, हे डोळ्यांनीच तपासायचं, जाणवणार नाही. वण मूळ रेषेबाहेर पसरून जाड होत असेल तर तो केलॉइड. त्याला करंट नव्हे, त्वचारोगतज्ज्ञ हवा.

वणावर दर २ सेंटिमीटरला बॉलपेनने टिंब काढा आणि प्रत्येक टिंबाशी कातडी वर किती मिलिमीटर सरकते ते वहीत लिहा, शेजारी दुखणं ० ते १० पैकी किती तेही. हे आठवड्यातून एकदाच, मसाजच्या आधी. मसाजनंतर सगळंच मऊ लागतं. १२ बैठकांनंतरही आकडे हलले नसतील तर करंट वाढवू नका. मशीन कपाटात ठेवा, मसाज चालू ठेवा आणि फिजिओथेरपिस्टला वही दाखवा.