राज्यपालावर केस टाकायची म्हणता? आधी एवढं पाहून घ्या

दर्यापूरच्या कोर्टात वकिली करतो. निवडणुकीचा हंगाम आला की पक्षकार स्वतःची तारीख विसरून विचारतात, "वकीलसाहेब, राष्ट्रपती-राज्यपालावर केस टाकता येते काय?" येते बाप्पा, पण संविधानाचं कलम ३६१ वाचून.

आधी माणूस पाहा. हे कवच फक्त राष्ट्रपती आणि राज्यपालांना आहे. पंतप्रधान, मुख्यमंत्री, मंत्री त्यात येत नाहीत. सरपंच तर नाहीच, काहींचा तोरा तसा असला तरी.

मग तारीख पाहा. पदावर असेतोवर फौजदारी खटला सुरू होत नाही, आधीचा असला तर पुढं चालत नाही, अटकेचं वॉरंटही निघत नाही. पद सुटलं की ही आडकाठी जाते. कल्याणसिंहांचंच घ्या. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं बाबरी प्रकरणात कटाचा आरोप पुन्हा उभा केला, पण ते तेव्हा राजस्थानचे राज्यपाल. कोर्टानं सांगितलं, पद सोडताच आरोप ठेवा. सप्टेंबर २०१९ मध्ये मुदत संपली अन् त्याच महिन्यात लखनौच्या कोर्टानं आरोप ठेवले. २०२० मध्ये ते निर्दोष सुटले ही पुढची गोष्ट. तुमचं प्रकरण असं असेल तर कागद जपा, साक्षीदारांचे पत्ते लिहून ठेवा. वर्षं जातात.

दिवाणी भांडणाला एवढं थांबावं लागत नाही. समजा, राज्यपाल होण्याआधी त्यांनी तुमच्याकडून वावराचा इसार घेतला अन् खरेदी करून दिली नाही. दोन महिन्यांची लेखी नोटीस द्या. त्यात दाव्याचं स्वरूप, कारण, तुमचं नाव-पत्ता आणि मागणी, सगळं लिहा. ती त्यांच्या कार्यालयात दिली तरी चालते. पोच तेवढी घ्या.

पदाच्या अधिकारात घेतलेल्या निर्णयासाठी मात्र त्यांना जाब विचारता येत नाही, पद गेल्यावरही. तिथं सरकारला प्रतिवादी करा अन् निर्णयालाच आव्हान द्या. बिहार विधानसभा बरखास्त झाली तेव्हा तसंच झालं. राज्यपालांना कोर्टात यावं लागलं नाही, पण २००६ च्या निकालात बरखास्ती घटनाबाह्य ठरली, अन् हेतू वाईट होता काय हेही कोर्ट तपासू शकतं असं त्यात स्पष्ट झालं. त्याच वर्षी आमच्या दारापूरचे रा. सू. गवई बिहारचे राज्यपाल झाले, म्हणून इकडे तो निकाल लोकांच्या ध्यानात राहिला.