मॉडेल रेल्वेवर ब्रागांझा घाट: तांबडी माती, रान आणि दूधसागर

कॅसलरॉक ते कुळे हा गोवा-कर्नाटक सीमेवरचा रेल्वे घाट टेबलावर आणायचा तर आधी उंचीचा हिशेब घालावा लागतो. दूधसागर धबधबा साधारण ३१० मीटर उंच. एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापात, म्हणजे १:८७ प्रमाणात तो साडेतीन मीटर भरतो आणि घराच्या छपरात मावत नाही. म्हणून धबधबा ६० सेंमीचाच करा. धबधब्यापाशी रूळ जातो त्या पुलाजवळची झाडं ८ ते १० सेंमी आणि माथ्यावरची २ सेंमी ठेवली की डोंगर लांबवर चढत गेल्यासारखा दिसतो. घाटाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे मीटरभर रुळाला २.७ सेंमी.

डोंगरासाठी थर्माकोलचे थर फेविकॉलने चिकटवा. रबर सोल्युशन वापरलंत तर थर्माकोल वितळतो. आकार कापून झाला की सगळ्यात लांब डबा वळणावरून हाताने ढकलून पाहा. कुठे घासला तर आत्ताच तासा, प्लास्टर चढल्यावर ते काम जड जातं. मग रुळांवर मास्किंग टेप लावा आणि गॉजच्या पट्ट्या पीओपीत बुडवून डोंगरावर पसरा. दोन वाट्या पीओपीला एक वाटी पाणी पुरतं. पीओपी पाण्यात सोडायचं. पीओपीवर पाणी ओतलं तर गुठळ्या होतात. सुकल्यावर विटकरी रंगाचा हात मारा, म्हणजे पुढे टवका उडाला तरी पांढरं दिसत नाही.

आता माती, आणि इथे घाई करू नका. गोव्याच्या डोंगराचा रंग डबीतल्या पावडरीत मिळत नाही, तो चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) खाणीजवळच्या मातीतच आहे. ती तव्यावर १५-२० मिनिटं भाजा, म्हणजे ओल आणि किडे जातात. मैद्याच्या चाळणीने चाळा. मग कागदावर पातळ पसरा आणि प्लास्टिक पिशवीत घातलेलं लोहचुंबक तीन-चार वेळा तिच्यावरून फिरवा. पिशवीला काळी बारीक पूड चिकटेल. ही पूड राहिली तर इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ती ओढून घेतं आणि मोटर अडते.

माती भुरभुरवली की आधी साबणाचे दोन थेंब घातलेलं पाणी फवारा. मग एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. फवारा चुकवलात तर थेंब मातीवर गोळीसारखे लोळतात आणि खड्डे पडतात. चिकटलेली माती मूळ रंगापेक्षा थोडी गडद दिसते, म्हणून पुठ्ठ्यावर नमुना करून बघा. कापलेल्या दरडी उघड्या तांबड्याच राहू द्या. रुळाखालची खडी मात्र काळ्या दगडाची, ०.७५ मिमीच्या आतली.

झाडांना सोडणाचा (नारळाच्या सालीचा) काथ्या पिंजून तारेच्या खोडावर बसवा आणि वर रंगवलेला लाकडाचा भुसा लावा. दोन-तीन हिरवे मिसळा. एकच हिरवा लावला तर डोंगर गालिच्यासारखा दिसतो.

धबधब्याला पारदर्शक न्यूट्रल सिलिकॉन घ्या. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधल्या आम्लाने रूळ आणि तारा गंजतात. प्लास्टिकवर २ मिमी थर पसरून दातकोरणीने वरून खाली रेघा ओढा. एक दिवसाने सोलून कड्याला चिकटवा आणि पाणी खडकावर आपटतं तेवढ्याच जागी कोरड्या ब्रशने पांढरा टेकवा.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने धरतं, त्यामुळे ते आषाढातही चालतं. फेविकॉल आणि पीओपीचं काम चवथ (गणेश चतुर्थी) उलटून हवा कोरडी झाल्यावरच काढा. आधी केलंत तर ओल आत कोंडते आणि मातीवर बुरशी येते.