जीआरई दुसऱ्यांदा देताना गणिताचे गुण कसे वाढवाल

जीआरई, म्हणजे परदेशात पुढचं शिक्षण घेण्यासाठीची प्रवेशपरीक्षा. तिच्या क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या विभागात, १५२च गुण पडले तेव्हा घरातून एकच सल्ला आला, क्लास लाव. लावला. बीजगणित पहिल्या पानापासून सुरू झालं आणि दोन आठवड्यांनी उमगलं, बीजगणित मला येतच होतं. गुण भलतीकडेच गळत होते.

तेव्हा आधी गळती शोधा. जीआरई घेणाऱ्या ईटीएस या संस्थेची पॉवरप्रेप ही सराव परीक्षा फुकट मिळते. ती घड्याळ लावून, मध्ये चहाला न उठता सोडवा. चुकलेले प्रश्न दुसऱ्या दिवशी घड्याळाविना पुन्हा घ्या. आता जे सुटले, तिथे गणित कच्चं नव्हतं. घाई नडली किंवा प्रश्न नीट वाचला नव्हता. जे तरीही अडले, तेवढेच धडे पुन्हा शिकायचे. माझ्या वहीत असे धडे तीनच निघाले.

मग तुलनेचे प्रश्न, ज्यांत ‘अ’ मोठं की ‘ब’ एवढंच विचारतात. दिसायला सोपे, म्हणूनच घातकी. क्ष शून्यापेक्षा मोठा आहे. क्षचा वर्ग मोठा की क्ष? आपण मनात २ किंवा ३ धरतो आणि ‘वर्ग’ म्हणून मोकळे होतो. अर्धा धरून बघा: वर्ग पाव येतो, लहान. १ धरला तर दोन्ही सारखे. म्हणजे उत्तर ‘ठरवता येत नाही’. अशा प्रश्नात ०, १, अपूर्णांक आणि ऋण संख्या, यांतल्या चालतील तेवढ्या घालून पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही सवय बोटांना लागली पाहिजे. माझे सगळ्यात जास्त गुण इथेच वाढले.

टक्केवारीसाठी बाजार पुरतो. २०० रुपयांचे बांगडे २५ टक्क्यांनी महागले की २५०. पुन्हा २००वर यायला उतार २५ नव्हे, २० टक्क्यांचाच, कारण आता पाया २५० आहे. पाया कुठला, हे आधी लिहायचं.

वेळेचं गणित वेगळंच. क्वांटचे दोन भाग: पहिल्या भागात २१ मिनिटांत १२ प्रश्न, दुसऱ्यात २६ मिनिटांत १५. म्हणजे प्रश्नामागे जेमतेम पावणेदोन मिनिटं. पहिला भाग कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, म्हणून तिथे एका प्रश्नाशी हट्टाने झुंजू नका. खूण करा, पुढे जा, भाग संपायच्या आत परत या. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी नको. ‘लागू असतील ते सगळे निवडा’ म्हटलं असेल तर मात्र पर्याय जपून टिपा. एक जरी राहून गेला तरी पूर्ण गुण जातात.

तारीख? दोन परीक्षांत २१ दिवसांचं अंतर सक्तीचं, बारा महिन्यांत पाच वेळा बसता येतं. पण २१ दिवसांत सवयी बदलत नाहीत. मी दोन महिने घेतले. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आसपासची तारीख तर धरूच नका. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची, पाहुणे यायचे, आणि कोपऱ्यात तुम्ही त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढताय!

शेवटच्या पंधरवड्यात मी फोंड्याहून कदंब बसने पणजीत पाटो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जात असे. दिवसाला एकच भाग, घड्याळ लावून. परतीच्या बसमध्ये फक्त चुकांची वही.