मेणाचा तो छोटा ब्लॉक हरवू नका

मावशीच्या छातीतली गाठ तालुक्याच्या एका नर्सिंग होममध्ये काढली आणि ती आमच्याच हातात दिली, सलाईनच्या पाण्यात बुडवून, बाटलीच्या तोंडाला चिकटपट्टी लावून, म्हणाले जिल्ह्याच्या लॅबमध्ये नेऊन द्या. मधे रविवार आला. सोमवारी पोचलो तर लॅबवाल्याने झाकण उघडलं आणि आमच्याकडे बघतच राहिला. कॅन्सर आहे एवढं कळलं, पण हार्मोनची टेस्ट, हर-टूची टेस्ट (कुठलं औषध लागू पडेल ते यांवरून ठरतं) काही धड लागेना, शेवटी मावशीला परत सुई टोचून घ्यावी लागली. तेव्हापासून ओळखीत कुणाचंही असं काही निघालं की फोन मला येतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही, नातेवाईक आहे.

सगळ्यात आधी, ऑपरेशनच्या किंवा बायोप्सीच्या आदल्या दिवशीच विचारा, "तुकडा कशात ठेवणार?" उत्तर फॉर्मॅलिन असलं पाहिजे, म्हणजे तुकडा सडू न देणारं रसायन, 10 टक्केवालं. आणि तळाला चार थेंब नाही, तुकड्याच्या साधारण दहापट, रुंद तोंडाच्या डब्यात. सलाईनमध्ये पेशी सडायला लागतात. ब्रेस्टच्या टेस्टसाठी तुकडा फॉर्मॅलिनमध्ये कमीत कमी 6 तास आणि जास्तीत जास्त 72 तास असावा असं धरतात, त्यामुळे सुट्टी मधे येत असेल तर लॅबला आधीच फोन करून ठेवा. नाव डब्याच्या अंगावर लिहायचं, झाकणावर नाही, कारण झाकणं अदलाबदल होतात. तुकडा किती वाजता काढला तेही फॉर्मवर लिहून घ्या. डॉक्टर चिडले तर चिडू द्या, हसून विचारायचं.

आता ब्लॉक. लॅबमध्ये तो तुकडा मेणात बसवतात, प्लास्टिकच्या छोट्या चौकटीत, आगपेटीपेक्षाही लहान, आणि त्याचे अगदी पातळ काप काढून काचेवर लावतात, त्या स्लाइड. लोक रिपोर्ट लॅमिनेट करून ठेवतात आणि ब्लॉक लॅबमध्येच विसरतात! खरं तर रिपोर्ट हे एका डॉक्टरचं मत झालं, माल ब्लॉकमध्ये आहे. पुढे हर-टूसारखी मार्कर टेस्ट असो, फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर या जनुकातला बदल बघायची टेस्ट असो, मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये स्लाइड पुन्हा बघून घेणं असो, सगळं त्यातूनच निघतं. साधा अर्ज करून लॅबकडून ब्लॉक आणि स्लाइड मागा, ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर जुळतोय का तिथेच उभं राहून बघा. मेण आहे, एप्रिल-मे मध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवाल तर वितळेल. आणि मोठ्या हॉस्पिटलला दिला की पावती घ्या, परत मागा, कारण टेस्ट करत गेलं की आतला तुकडा संपत जातो.

इथपर्यंत झालं उपचाराचं. पण हाच तुकडा संशोधनालाही लागतो, आणि तिथे आपला संबंध फक्त एका सहीपुरता येतो. टाटामध्ये परळला आणि खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटाचंच संशोधन केंद्र) असे तुकडे, रक्त जपून ठेवतात, तुमचं नाव काढून नंबर टाकून. त्याचा कन्सेंट फॉर्म, म्हणजे संमतीचा कागद, ऑपरेशनच्या फॉर्मपेक्षा वेगळा असतो, बहुतेक लोक गठ्ठ्यातच सही मारून मोकळे होतात. थांबा, मराठीतला मागा. तीन गोष्टी विचारा: निदानाला लागेल तेवढा तुकडा आधी बाजूला ठेवणार का, उद्या मन बदललं तर सही मागे घेता येते का, आणि नाही म्हटलं तर उपचार तसेच चालतात ना. (चालतात. घाबरू नका.) एक मात्र आहे, त्यातून तुमच्या हातात वेगळा रिपोर्ट बहुतेक येत नाही, त्या आशेने सही करू नका.

मग करायची कशाला? नेक्सकार19 चंच घ्या ना, रक्ताच्या काही कॅन्सरवरचा उपचार. पेशंटच्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी काढतात, लॅबमध्ये त्यांना कॅन्सरची पेशी ओळखायला शिकवतात आणि परत त्याच पेशंटला देतात. आयआयटी मुंबईची लॅब आणि टाटाचे डॉक्टर एकत्र बसले म्हणून ते भारतात झालं, ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली. आणि प्रत्येक वेळी एवढी मोठी मशिनरी लागते असंही नाही. टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवेंच्या टीमने ब्रेस्टची गाठ काढायच्या आधी काही मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं, म्हणजे दात काढताना देतात ना तेच भुलीचं औषध! 1,600 बायका, अर्ध्यांना टोचलं, अर्ध्यांना नाही. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर गेलं. त्या 1,600 जणींनी सही केली म्हणून कळलं.

ट्रायलबद्दल, म्हणजे नवीन उपचाराची पेशंटवर चाचणी घेण्याबद्दल, कुणी विचारलं तर "आमच्यावर प्रयोग करताय का" म्हणून एकदम उठू नका, आणि लगेच होही म्हणू नका. सीटीआरआय नंबर मागा, ही सरकारी नोंदणी आहे, नेटवर कुणालाही बघता येते. ट्रायलमध्ये नसतो तर कुठले उपचार मिळाले असते हे विचारा. कुठल्या तपासण्यांचे पैसे आपण भरायचे ते विचारा. ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार आणि भरपाईचा नियम 2019 पासून स्पष्ट आहे, फॉर्ममध्ये ते लिहिलेलं असतं, एथिक्स कमिटीचा (ट्रायलमध्ये पेशंटवर अन्याय होत नाही ना हे बघणारी) फोन नंबरही असतो, त्या पानाचा फोटो काढून घ्या. फॉर्म घरी न्या, रात्री सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा.

आणि शेवटचं, जे कुणीच करत नाही. हॉस्पिटलमध्ये दिलेला मोबाईल नंबर बदलला तर कळवा. वर वाचलेला तो पाच वर्षांचा आकडा असाच निघतो, कुणीतरी बसून एकेका पेशंटचा पत्ता काढतं. मावशीला वर्षातून एकदा असा फोन येतो, अनोळखी नंबर म्हणून ती आधी कट करायची. आता ती उचलते आणि समोरच्याला काही बोलू न देता सांगते, "आहे रे बाबा, आहे अजून, भाकऱ्या थापतेय."