आधी उरलेलं खाद्य तोला, मग डोळे बघा

आहारामुळे होणारा मोतीबिंदू जीवनसत्त्वाने टळतो का, हे प्राण्यांवर तपासायला तुम्ही नव्याने बसणार असाल तर माझी एक चूक आधी ऐका.

आम्ही रॅटना ३० टक्के गॅलॅक्टोज (एक प्रकारची साखर) असलेलं खाद्य देत होतो आणि एका गटाच्या खाद्यात ई जीवनसत्त्व मिसळत होतो. मराठीत रॅटही उंदीर आणि माऊसही उंदीर, पण इथे तो फरक विसरून चालत नाही. रॅटच्या डोळ्याच्या भिंगात अल्डोज रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) भरपूर असतं. ते गॅलॅक्टोजपासून गॅलॅक्टिटॉल बनवतं. गॅलॅक्टिटॉल पेशीतून सहजी बाहेर पडत नाही, पाणी ओढून घेतं आणि भिंगाचे तंतू फुगून मोतीबिंदू होतो. माऊसच्या भिंगात हे विकर फारच कमी, त्यामुळे तिथे हा प्रयोग सहसा जमत नाही. क जीवनसत्त्व तपासायचं असेल तर आणखी एक पेच आहे: रॅट ते स्वतःच्या यकृतात तयार करतो, गिनी पिगला मात्र ते आपल्यासारखंच अन्नातून मिळावं लागतं.

तपासण्याआधी डोळ्याची बाहुली औषधाच्या थेंबांनी नीट मोठी होऊ द्या. सुरुवात भिंगाच्या कडेला होते, आणि लहान बाहुलीतून कड दिसतच नाही. स्लिट लॅम्प या डोळे तपासायच्या उपकरणाच्या फटीएवढ्या उजेडात पहिल्यांदा जे दिसतं ते पांढरेपण नसतंच. कडेने बारीक बुडबुड्यांची रांग असते, गवतावरच्या दवासारखी. मध्यभाग दुधाळ होतो तो नंतर.

आमच्या जीवनसत्त्वाच्या गटात ही रांग जवळजवळ नव्हती. मला आकाश ठेंगणं झालं! मग सहकाऱ्याने विचारलं, खाद्य किती उरतंय? मी खाद्य भरताना तोलत होते, उरलेलं तोलत नव्हते. तोलायला लागल्यावर कळलं की तो गट कमी खात होता, बहुधा मिश्रणाची चव आवडत नसावी. पोटात गॅलॅक्टोजच कमी जात होतं, मग मोतीबिंदू कसा व्हावा?

पुन्हा सुरुवात केली. या वेळी जीवनसत्त्वाचा गट आदल्या दिवशी जेवढं खाई, तेवढंच खाद्य तुलनेच्या गटाला मोजून दिलं. सांडलेलंही गोळा करून तोललं. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळा निष्कर्ष त्याच्यावर उभा असतो. वजन आणि रक्तातलं गॅलॅक्टोजही दोन्ही गटांत बघा.

डोळे तपासणाऱ्याला गट माहीत नसावा. एका प्राण्याचे दोन डोळे म्हणजे दोन स्वतंत्र नमुने नव्हेत. संख्या प्राण्यांची धरा. झायलाझिनसारख्या भुलीच्या औषधाने किंवा थंडीने भिंग तात्पुरतं पांढरं होऊ शकतं, तो मोतीबिंदू समजू नका. प्राणी-नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या, आणि दृष्टी गेलेल्या प्राण्याला खाद्य-पाणी सापडतंय ना, याकडे रोज लक्ष असू द्या. गॅलॅक्टोजवरचे रॅट लघवी खूप करतात, पिंजऱ्याचा भुसा लवकर ओला होतो; तो वेळेवर बदला.

तपासणी लवकर थांबवू नका. दुसऱ्या खेपेला बुडबुडे दोन्ही गटांत आले, जीवनसत्त्वाच्या गटात काही दिवस उशिरा. पहिल्या मसुद्यात मी ‘मोतीबिंदू टळला’ असं लिहिलं होतं, ते खोडून ‘लांबला’ केलं.